घासाघीस

ज्या घरात पुस्तकांच्या कपाटाला काच नसते, पण राक्षसांच्या कपाटाला काच, कुलूप आणि आतून पांढरे दिवे असतात, ते घर संग्राहकाचं. त्या कपाटात फूटभर उंचीचे सामुराई असतात, चिमटीत मावणारे सरदार असतात, कपडे कमी आणि हत्यारं जास्त अशा कन्यका असतात, आणि ज्याचं नुसतं नाव विचारलं तरी यजमान पाऊण तास उभ्याने बोलतो असा एक यंत्रमानव असतो. अशा घरी पाहुण्याने दोन पथ्यं पाळायची. 'मुलांसाठी घेतलंत का?' असं विचारायचं नाही. मुलांसाठी घेतलं असतं तर कुलूप कशाला लावलं असतं? आणि 'बाहुली' म्हणायचं नाही. पुतळा चालतो, मूर्ती चालते, 'फिगर' म्हटलंत तर चहाबरोबर चिवडाही येतो.

अलीकडे तिसरं एक पथ्य आलंय आणि ते पाळायला अवघड आहे. यजमान कुलूप काढतो, एक फिगर तुमच्या तळहातावर ठेवतो, आपले दोन्ही हात सावधपणे तुमच्या हाताखाली धरतो आणि विचारतो, "काय वाटतं? हाताची की प्रिंटची?" इथे 'छान आहे' म्हणणारा नापास. फिगर उलटी करायची, तळपाय बघायचे, बगलेत डोकवायचं आणि मग हुंकार द्यायचा. हुंकारातून कुठली बाजू घेतली ते कळता कामा नये.

कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांत आता दोन पंथ पडलेत. एक हस्तपंथ, दुसरा यंत्रपंथ. दोन्हीकडचा एकेक महंत माझ्या ओळखीचा आहे, आणि दोघंही मला जाणकार न समजता श्रोता समजतात, त्यामुळे मला दोन्हीकडचं सगळं ऐकायला मिळतं. हस्तपंथाचे महंत म्हणजे आमच्या सोसायटीतले काका, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. यंत्रपंथाचा महंत म्हणजे माझा भाचा. ताईचं घर आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये. भाचा दिवसा हिंजवडीत नोकरी करतो आणि रात्री बाल्कनीत मावळे छापतो.

काकांचं काम डायनिंग टेबलावर चालतं. आधी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला पीळ देऊन केलेला सांगाडा, त्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चुरगाळून दाबलेला, आणि त्यावर पॉलिमर क्ले. नावात क्ले असली तरी ती माती नव्हे, पीव्हीसीचाच एक मऊ अवतार आहे. ती आपणहून वाळत नाही. ओव्हनमध्ये साधारण 130 अंश सेल्सियसला भाजली की मगच कडक होते. ह्या एका गुणाने काकांचं आयुष्य बदललं. शाडू वाळायला लागला की माणसाला हात आवरता घ्यावा लागतो. ही क्ले वाळतच नाही, त्यामुळे काकांना थांबायचं काही कारणच उरलेलं नाही. त्यांचा तानाजी दोन दिवाळ्या कच्चा आहे. घोरपड केव्हाच भाजून, रंगवून तयार आहे. तानाजीची मान ठरायची बाकी आहे. "नजर वर हवी, पण चेहऱ्यावर कड्याची भीती नको," असं म्हणून काका मान अर्धा मिलिमीटर फिरवतात. दुसऱ्या दिवशी परत जागेवर आणतात.

काकूंचं म्हणणं एवढंच की ओव्हन नानकटाईसाठी घेतला होता. एकदा मी तिथे बसलेलो असताना त्या आतून ओरडल्या, "अहो, तुमचा सिद्दी जौहर झाला वाटतं, काढू का?" काका हातातली सुई टाकून धावले. सिद्दी जौहर नाकाजवळ जरासा करपला होता, आणि तो तसाच जास्त चांगला दिसतो यावर आमचं तिघांचंही एकमत झालं.

काकांची निम्मी हत्यारं मुळात दातांच्या डॉक्टरांची आहेत. एका ओळखीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा काकांनी त्यांच्याकडून ती डबाभर आणली. किडक्या दाढा कोरायच्या आकड्याने पागोट्याच्या घड्या किती सुरेख पडतात, हे दाखवायला काका नेहमी तयार असतात. उरलेली हत्यारं म्हणजे सुया, तारा, एक जुनं बॉलपेन आणि क्रोशाचा एक हूक. हा हूक काकू अजून शोधतायत.

आता भाच्याची बाल्कनी. प्रिंटर आकाराने ताईच्या जुन्या मिक्सरच्या खोक्याएवढा. आत एक उथळ ट्रे, ट्रेला पारदर्शक फिल्मचा तळ, ट्रेमध्ये रेझिन, आणि तळाखाली मोबाइलला असतो तसला स्क्रीन. ह्या स्क्रीनमधून 405 नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश वर येतो आणि जिथे पडतो तिथलं रेझिन घट्ट होतं. वरून एक धातूची पट्टी ट्रेमध्ये उतरते, एक पातळ थर चिकटवून घेते, वर जाते, पुन्हा उतरते. थराची जाडी बहुधा 0.05 मिलिमीटर. म्हणजे सहा इंची मावळ्याला तीन हजार थर. थराला आठ सेकंद धरले तर सहा तास चाळीस मिनिटं झाली, आणि तेवढा वेळ तो मावळा झाडावरच्या वेताळाप्रमाणे उलटा लटकत थोडाथोडा खाली वाढत असतो. भाचा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. यंत्राने काम सोपं केलं असं मी ऐकून होतो. हा मुलगा कुठल्याही परीक्षेसाठी सहा तास जागा राहिलेला मला आठवत नाही.

शिवाय उन्हानेही रेझिन घट्ट होतं. म्हणून बाल्कनीला काळा पडदा लागला. म्हणून ताईचे कपडे वाळायचे बंद झाले. "दोन मावळ्यांपायी घरातली चार माणसं दमट कपडे घालतायत," ती म्हणते. वासाबद्दल ती काय म्हणते ते इथे छापता येणार नाही.

पडदा, पंखा, जागरण एवढं सगळं करून सकाळी पट्टी वर येते तेव्हा तिच्यावर कधी पूर्ण मावळा असतो, कधी कमरेपर्यंतचा. मधल्या एखाद्या थराने पट्टी सोडून खालच्या फिल्मला मिठी मारली की वर राहतात फक्त पाय, आणि यंत्र उरलेली रात्र इमानेइतबारे हवेला थर चढवत बसतं. भाच्याकडे अशा पायांचा एक डबा भरलाय. ताईने तो कामवाल्या मावशींना दिसू नये अशा जागी ठेवलाय.

पूर्ण मावळा आला तरी काम संपत नाही. तो ओला आणि चिकट असतो. हातमोजे घालून त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुचकळायचं, कारण कच्चं रेझिन कातडीला बाधतं. मग पुन्हा त्या जांभळ्या उजेडात फिरत्या चकतीवर शेकायचं. मग आधाराच्या काड्या तोडायच्या. छपाई होताना हात, तलवार, पागोट्याचा शेव ह्यांना अधांतरी लोंबकळता येत नाही, म्हणून संगणक त्यांना शेकडो बारीक काड्यांचे टेकू देतो. काडी तोडली की तिथे पुटकुळी राहते. पुटकुळ्या काढायला काय लागतं? पॉलिश पेपर.

आणि काकांकडे? थिनरमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने बोटांचे ठसे पुसून, भाजून, गार करून झालं की काय लागतं? पॉलिश पेपर. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक पाण्यात भिजवून. आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला ह्या वादातलं काही ठाऊक नाही, पण दोन्ही पंथांवर त्याचा धंदा उत्तम चालू आहे. एका संध्याकाळी दोघंही एकाच वेळी त्याच्या दुकानात उभे होते, दोघांनाही आठशे नंबरचाच हवा होता, आणि त्याच्याकडे एकच ताव शिल्लक होता. कलेच्या भवितव्यावरची आजवरची सर्वांत तीव्र चर्चा मी तिथे ऐकली.

ह्या पंथांचं पंढरपूर एकच, आणि ते जपानात आहे. तोक्योजवळ चिबा प्रांतात माकुहारी मेस्से नावाचं प्रचंड प्रदर्शन केंद्र आहे. तिथे वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, वंडर फेस्टिव्हल भरतो. घरच्या घरी मूर्ती घडवून, सिलिकॉनचे साचे करून, त्यात रेझिन ओतून सुटे भाग विकणारे हौशी कारागीर तिथे टेबलं मांडतात. भाग ग्राहकाने घरी नेऊन जोडायचे, घासायचे, रंगवायचे; थोडक्यात, पैसे देऊन कष्ट विकत घ्यायचे. ह्या जत्रेचा एक कायदा मला फार आवडतो. पात्रं मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकीची, आणि एकेका हौशी माणसाशी करार कोण करत बसणार? म्हणून परवानगी मिळते ती एका दिवसाची. त्या एका दिवशी, त्या मंडपात, तुम्ही तो राक्षस विकू शकता. संध्याकाळी दारं बंद झाली की तोच राक्षस बेकायदा. आपल्याकडे लाउडस्पीकरची परवानगी रात्री दहाला संपते, पण गणपती काही दहानंतर बेकायदा होत नाही.

ही जत्रा भरवते कायोदो नावाची कंपनी, आणि तिच्या जन्माची कथा हस्तपंथीयांना तोंडपाठ असते. 1964 साली ओसाकाजवळच्या मोरिगुचीत ओसामु मियावाकी ह्या गृहस्थांना दुकान काढायचं होतं, पण कसलं ते ठरेना. उदोनचं, म्हणजे नूडल्सचं, की खेळण्यांच्या मॉडेल्सचं? त्यांनी म्हणे लाकडी तलवार उभी धरून सोडली आणि ती पडली त्या बाजूचा धंदा पत्करला. तलवार मॉडेल्सच्या बाजूला पडली. दुसरीकडे पडती तर जगभरातल्या किती घरांत आज नवरा-बायकोत कपाटाच्या जागेवरून भांडणं झाली नसती, ह्याचा हिशोब करवत नाही.

1999मध्ये ह्याच कायोदोने फुरुता नावाच्या मिठाई कंपनीसाठी चॉकलेटच्या अंड्यात घालायला जपानी प्राण्यांच्या बोटभर मूर्ती केल्या. शिनोबु मात्सुमुरा ह्या शिल्पकाराने घडवलेले ते प्राणी इतके हुबेहूब होते की लहान मुलांच्या त्या अंड्यांवर मोठी माणसं तुटून पडली. अंडी खोक्याने जाऊ लागली. आत कुठला प्राणी आहे ते बाहेरून कळत नसे, त्यामुळे हवा तो मिळेपर्यंत अंडी फोडत राहायचं. चॉकलेटचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. तो घरातल्या इतरांनी सोडवायचा.

काका हे उदाहरण फार अभिमानाने देतात. "बघा, हाताची कमाल!" एकदा भाच्याने शांतपणे विचारलं, "काका, मात्सुमुरांनी अशी किती हाताने केली?"

"का? सगळी."

"एकेकच केली असतील ना? बाकीची लाखो तर साच्यातली."

काका गप्प झाले. दुखरी नस इथेच आहे. हाताने घडवलेली फिगर म्हणून आपण छातीशी धरतो ती शंभरातल्या नव्याण्णव वेळा हाताने घडवलेल्या फिगरची साच्यातून निघालेली नक्कल असते. मूळ मूर्ती शिल्पकाराच्या फडताळात नाहीतर कंपनीच्या गोदामात. प्रिंटर नव्हता तेव्हाही छपाई होतीच, फक्त ती रबराने आणि पोलादाने होत असे. यंत्राने हातावर गदा आणली असं जे म्हणतात ना, ती गदा खरं म्हणजे साच्यावर आलेली आहे, आणि साच्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारा अजून कुणी भेटला नाही.

पण भाच्यालाही ह्यात फार हुरळून जाता येत नाही, कारण साच्यातून निघालेल्या त्या लाखो प्राण्यांचे पट्टे, ठिपके आणि खूर चीनमधल्या कारखान्यांत माणसांनी रंगवलेले. आजही दुकानातल्या बहुतेक महागड्या फिगरांचं असंच असतं. डोळे तेवढे मऊ रबरी शिक्क्याने छापतात, कारण डोळा केसभर चुकला की योद्धा तिरळा होतो. बाकी रंग हाताने, एकेका टेबलावर एकेक. म्हणजे 'कारखान्याचा माल' म्हणून ज्या फिगरकडे पाहून नाक मुरडायचं, तिला काकांच्या तानाजीपेक्षा जास्त हात लागलेले असतात. ते हात कुणाचे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, एवढंच. नाव नाही म्हणून हात मोजत नाहीत.

नाव असलं की काय होतं तेही ह्याच धंद्यात दिसतं. ताकाशी मुराकामी ह्या चित्रकाराने 1997मध्ये फिगरच्या दुनियेतली एक वेट्रेस माणसाच्या उंचीची करायची ठरवली. घडवायला घेतलं कायोदोच्या बोमे नावाच्या मूर्तिकाराला. 2003 साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात 'मिस को स्क्वेअर' नावाची ती वेट्रेस 5,67,500 डॉलरला गेली. मुराकामींचीच पुढची एक मूर्ती 2008मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर गेली. काकांनी हा आकडा ऐकून काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आधी मान ठरवा."

माझं स्वतःचं मत असं आहे की संग्राहकाला मूर्ती नकोच असते. त्याला कुणाचे तरी कष्ट हवे असतात, आणि तेही प्रमाणपत्रासकट. मूर्ती म्हणजे त्या कष्टांची पावती. 1977च्या नाताळात तर अमेरिकेत केनर कंपनीने नुसती पावतीच विकून दाखवली. स्टार वॉर्स सिनेमा अफाट चालला, पण खेळणी तयार नव्हती. कंपनीने पुठ्ठ्याचं एक पाकीट दुकानांत ठेवलं. आत खेळणी नव्हती, एक कुपन होतं: हे पाठवा, पुढच्या वर्षी चार फिगर घरी येतील. लोकांनी झाडाखाली रिकामं पाकीट ठेवून नाताळ साजरा केला. आज ते पाकीटही संग्राहक जपून ठेवतात. ते हाताचं की प्रिंटचं हा वाद मात्र झालेला नाही. ते निःसंशय छापील होतं.

म्हणूनच दोन्ही महंत आपापल्या वस्तूचं वर्णन करत नाहीत, हालांचं करतात. काका मान दुखल्याचं सांगतात, डोळ्यांचा नंबर वाढल्याचं सांगतात. सुरुवातीला भाचा उलट बोलायचा: बटण दाबलं की झालं. मग त्याच्या ध्यानात आलं की बटण दाबून झालेल्या गोष्टीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. आता तोही अल्कोहोलने तडकलेली बोटं दाखवतो, फाटलेल्या फिल्मची किंमत सांगतो, आणि पायांचा तो डबा पाहुण्यांसमोर उघडतो. यंत्रयुगात टिकायचं तर आधी थकलेलं दिसायला शिकावं लागतं.

आता 'हात' म्हणजे नेमकं काय, ह्यावर एकदा दोघांची जुंपली तेव्हा मी पेरी बंधूंचं नाव काढण्याचा आगाऊपणा केला. इंग्लंडमधले मायकेल आणि अ‍ॅलन हे जुळे भाऊ, 28 मिलिमीटरच्या सैनिकांचे नामांकित मूर्तिकार. त्या मापात डोकं तुरीच्या डाळीएवढं, आणि त्यावर नाक, मिशी, टोपी आणि स्वभाव बसवायचा. निळ्या आणि पिवळ्या पुटीचे गोळे एकत्र मळून हिरवा झालेला लगदा घ्यायचा आणि तो घट्ट व्हायच्या आत सुईने कोरायचा. 1996मध्ये फ्रान्समध्ये क्रेसीच्या लढाईला 650 वर्षं झाल्याच्या सोहळ्यात तोफेचा अपघात झाला आणि मायकेल पेरींनी उजवा हात गमावला. ते डाव्या हाताने पुन्हा मूर्ती घडवायला शिकले आणि पुढे त्याच तोडीचं काम करत राहिले.

"बघ!" काका म्हणाले. "ह्याला म्हणतात हाताचं काम!"

"काका, उलट आहे. हात गेला तरी काम राहिलं. म्हणजे काम हातात नव्हतं, डोक्यात होतं."

"डोकं तुलाही आहे. डाव्या हाताने साधी सही करून दाखव."

मी चहा मागितला.

यंत्राचा इतिहास ह्याहून जरा घरगुती आहे. जपानात नागोयाच्या नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामांनी 1980-81मध्येच प्रकाशाने रेझिनचे थर घट्ट करून वस्तू उभी केली होती. पेटंटचा अर्जही केला, पण तो पुढे नेण्याची मुदत हुकली. सरकारी कागदाची मुदत चुकणारा माणूस जपानातही असतो, हे ऐकून काकांच्या मनात यंत्रपंथाबद्दल पहिल्यांदा माया उत्पन्न झाली. मग अमेरिकेत चक हल. ते टेबलांवरचा मुलामा अतिनील दिव्यांनी कडक करणाऱ्या कंपनीत होते. 1983मध्ये त्यांनी छापलेली पहिली वस्तू म्हणजे डोळे धुवायची छोटी वाटी, आणि 1986मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पुढे ह्याच यंत्रातून निघालेल्या मूर्तींवरच्या थरांच्या रेघा शोधण्यात लोकांचे डोळे जाणार, हे त्यांना आधीच कळलं असावं. आणि तिसरे स्कॉट क्रंप. 1988च्या सुमारास त्यांनी लेकीसाठी ग्लू गनने थरावर थर देत बेडूक करायचा घाट घातला, आणि त्यातून प्लास्टिकची तार वितळवून छापायची पद्धत निघाली. तिचं पेटंट 2009मध्ये संपलं, मग स्वस्त प्रिंटर घरोघर शिरले. मुलीच्या बेडकापायी एवढं झालं. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांच्या बायकोचे कपडे कुठे वाळायचे ते विचार."

खरी गंमत पुढे आहे. प्रिंटर काही घडवत नाही. त्याला फाइल लागते. ती फाइल कुणीतरी झेडब्रशसारख्या प्रोग्रॅममध्ये, स्क्रीनवर पेन घासत, दिवसचे दिवस बसून घडवलेली असते. तीही शिल्पकलाच. शरीरशास्त्र तेच, वस्त्राच्या चुण्यांची डोकेदुखी तीच, आणि कानाचा आकार कुणालाच येत नाही हेही तेच. फरक एवढा की अर्धा चेहरा केला की बटण दाबून दुसरा अर्धा मिळतो आणि चुकलं तर मागे जाता येतं. काकांचा सगळा राग त्या मागे जाण्यावर आहे. "जे खोडता येतं ते घडवलं कसं म्हणायचं?"

"काका," भाचा म्हणाला, "तुमचा तानाजी दोन वर्षं कच्चा आहे. रोज मान फिरवता, रोज परत आणता. ते काय आहे मग?"

काकूंनी आतून टाळी वाजवली.

पण काकांनीही एक घाव बरोबर घातला. भाच्याच्या कपाटातल्या बहुतेक फिगर विकत घेतलेल्या फायलींच्या. कुठल्याशा देशात कुणीतरी रात्री जागून घडवलेला योद्धा इथे बाल्कनीत लटकतो आणि भाचा पाहुण्यांना म्हणतो, "हा मी बनवला." काका म्हणाले, "तू बनवला नाहीस रे. तू उतरवून घेतलास." त्या दिवसापासून भाचा पेन टॅबलेट घेऊन बसायला लागला. त्याने पहिल्यांदा स्वतः घडवलेल्या मावळ्याचा चेहरा आमच्या वॉचमनसारखा आला. दुसऱ्याचाही. मग त्याने काकांकडे जाऊन विचारलं, "काका, गालाचं हाड नेमकं कुठून सुरू होतं?" काकांनी चष्मा पुसला आणि त्याला तासभर समोर बसवून स्वतःचे गाल दाबायला लावले.

विरोधाभासाचं टोक मी ह्या दोघांच्या टेबलांवर पाहिलं. काका दिवसभर थिनर लावून बोटांचे ठसे पुसत असतात, म्हणजे मूर्ती कशी, कुणाचा हातच न लागल्यासारखी गुळगुळीत दिसावी. भाचा स्क्रीनवर मुद्दाम खरबरीत ब्रश घेऊन हत्याराच्या खुणा उमटवत असतो, म्हणजे मूर्ती कशी हातची वाटावी.

दोघांच्या मूर्ती एकाच वेळी मैदानात आल्या त्या दिवाळीत, सोसायटीच्या किल्ल्यावर. किल्ला पार्किंगच्या कोपऱ्यात. विटा, पोती, माती, वरून हळीव पेरलेले, आणि फिश टँकच्या मोटरवर चालणारा धबधबा. किल्लेदार सहावीतली एक मुलगी. तिच्या हाताखाली आठ-दहा फौजी, आणि फौजेत शिस्त कडक. किल्ल्यावरच्या चित्रांना मापाचं बंधन नसतं हे सर्वांना ठाऊक आहेच. सिंहासनावरचे महाराज उठून उभे राहिले तर दरवाज्यात मावणार नाहीत, गवळणीची घागर तोफेपेक्षा मोठी, पायथ्याशी चरणारी गाय बुरुजाएवढी, आणि गुहेतला वाघ प्लास्टिकचा, पोटावर परदेशी कंपनीचं नाव असलेला. ह्या राज्यात आमचे दोन महंत मोजमापाची फूटपट्टी घेऊन शिरले.

भाच्याने स्वतः घडवलेले चार मावळे आणले. माप काटेकोर, 54 मिलिमीटर, राखाडी रंगाचे, पागोट्याची घडी न् घडी मोजून घ्यावी. मुलीने एक घेतला आणि त्याचे पाय ओल्या मातीत दाबले. कट्कन आवाज आला. मावळा वर राहिला, घोटे किल्ल्यात.

"रेझिन जरा ठिसूळ असतं," भाचा म्हणाला.

"लढाईत काय करणार मग हा?" एका फौजीने विचारलं.

काकांनी तानाजी आणला. अखेर भाजला होता. मान कुठे ठरली होती ते मी विचारलं नाही. मुलं गोळा झाली, सगळ्यांनी मनापासून 'वा' म्हटलं. मुलीने तो बुरुजाशेजारी धरून पाहिला आणि म्हणाली, "काका, हा खूप भारी आहे. पण पाऊस आला तर? आणि मांजर येतं रात्री." काकांनी क्षणभर विचार केला आणि तानाजी परत पिशवीत ठेवला.

संध्याकाळी किल्लेदारीण बाबांच्या स्कूटरवर बसून कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले डझनभर मावळे घेऊन आली. सगळे एकाच साच्यातले, सगळे एकाच वेळी उजवीकडे बघणारे. मिशी एकाच फटक्यात मारलेली, त्यामुळे एकाची कानापर्यंत गेलेली आणि एकाची नाकाच्या वर चढलेली. प्रत्येकाच्या पायाखाली जाड चौथरा, मातीत ठेवला की हलायचं नाव नाही. काका आणि भाचा दोघंही न बोलता पुढे झाले, दोघांनी एकेक मावळा उचलला, उलटा केला, आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "मागे साच्याची शिवण राहिलीय."

भाच्याने खिशातून आठशे नंबरचा तुकडा काढला. काकांच्या हातात तो आधीच होता.

"दे इकडे सगळे," काका म्हणाले. "तासाभरात घासून देतो."

"राहू दे ना काका," मुलगी मावळे त्यांच्या हातातून काढून घेत म्हणाली. "मागे तटबंदी आहे. आणि दादा, तू मोटर बघ आधी, धबधबा बंद पडलाय."